उत्तरेच्या खिडकीतला हात

मास्तरांनी मला खोली दिली ती माझ्या ओढणीमुळे. खोटं वाटेल, पण घडलं तसंच. नाशिकहून सुरतेत नोकरीला आले होते आणि पांडेसऱ्यात खोलीसाठी दारं ठोठावत फिरत होते. एका दारात उंच, वाळका म्हातारा आला. नाव विचारलं नाही, जात विचारली नाही, मांसमच्छी खाता का, तेसुद्धा नाही. माझ्या ओढणीकडे बघत म्हणाला, "बेन, जरा गॅलरीत या." आता आली का पंचाईत! पण आत स्वयंपाकघरात बाईमाणसाचा आवाज होता, म्हणून गेले. त्यांनी ओढणीचं टोक दोन बोटांत धरलं, उजेडाकडे केलं, कुर्त्याशेजारी नेलं आणि दुःखाची बातमी सांगावी तशा आवाजात म्हणाले, "कुर्ता आणि ओढणी एका लॉटची नाहीत. अर्ध्या शेडचा फरक आहे. फसवलं तुम्हाला." मग आत वळून ओरडले, "अगं, चहा ठेव. वरच्या खोलीत बेन राहायला आली."

चार वर्षं मी त्या वरच्या खोलीत काढली, आणि चारही वर्षं त्यांनी मला बेनच म्हटलं. सुरतेत जन्म गेलेला माणूस. बायकांशी बोलताना बेन, सासरवाडीशी बोलताना अहिराणी, रिक्षावाल्याशी हिंदी आणि राग आला की गुजराती. माझ्याशी मात्र शाळेच्या पुस्तकातली मराठी बोलायचे, कारण मी नाशिकची.

मास्तर म्हटलं की लोकांना शाळा आठवते. हे शाळेतले नव्हेत. पलसाण्याकडच्या एका मिलमध्ये ते तीस वर्षं डाइंग मास्तर होते. व्यापारी बोटभर चिंधी आणून देणार, असाच रंग हवा म्हणणार, आणि यांनी हजारो मीटर कापड त्या रंगात उतरवायचं. रंग जुळला तर माल पास, नाही जुळला तर रिजेक्ट. निवृत्त झाले तरी मिल काही त्यांच्या अंगातून गेली नव्हती. टोमॅटो घ्यायचे तर हातगाडीच्या ताडपत्रीखालून उचलून उन्हात न्यायचे. भाजीवाली कावायची, "ओ काका, भाजी लेना है कि फोटू निकालना है?" चहाचा कप समोर आला की तोंडाला लावायच्या आधी गॅलरीत जाऊन बघायचा. "आज अर्धी शेड डार्क आहे." काकू आतून म्हणायच्या, "माझ्या लग्नातला शालूसुद्धा अजून पास केलेला नाही ह्यांनी. चहाचं काय घेऊन बसलात!" टीव्हीचे रंग तर त्यांनी पार शून्यावर आणून ठेवले होते. खोटे रंग बघण्यापेक्षा नसलेले बरे, म्हणे. त्या घरात मी अख्खा वर्ल्डकप काळापांढरा पाहिला आहे.

लाल म्हणून चालायचं नाही त्यांच्यासमोर. "कुठला लाल?" विचारायचे. एकदा मी तापानं फणफणले होते. दारात उभे राहून माझ्याकडे पाहिलं आणि काकूंना म्हणाले, "ताप उतरतोय, गालाची शेड खाली आली." थर्मामीटर लावून पाहिला तर खरंच उतरत होता. असला डोळा! मला त्या डोळ्याचं कौतुकही वाटायचं आणि वैतागही यायचा.

फोटोवर मास्तरांचा काडीचा विश्वास नव्हता आणि फोटो काढल्याशिवाय त्यांचा एक दिवस गेला नव्हता. व्यापारी महिन्याभरानं येऊन म्हणतो, हा रंग मी पास केलाच नव्हता. तेव्हा दाखवायला पुरावा हवा, म्हणून स्वतःचा कॅमेरा घेऊन ते पास झालेली प्रत्येक शेड टिपून ठेवायचे. त्याचीही पद्धत ठरलेली. मिलमध्ये रंग बनवायच्या खोलीला कलर किचन म्हणतात. तिथल्या उत्तरेच्या खिडकीशीच फोटो, कारण उत्तरेला ऊन थेट येत नाही, उजेड दिवसभर सारखा. चिंधी टेबलावर ठेवायची नाही, हातात धरायची. बाई साडी अंगावर नेसते, टेबलावर नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि हात कायम एकाच माणसाचा. हात बदलला की शेजारची शेड डोळ्याला वेगळी दिसते.

तो हात सुकलालचा. सुकलाल म्हणजे कलर किचनमध्ये रंग मोजून देणारा कामगार, धुळ्याकडचा, राहायला सुरतेतल्या डिंडोलीत. बारा वर्षं त्यानं मास्तरांसमोर चिंध्या धरल्या. मग कावीळ झाली, गावी नेला आणि पंधरा दिवसांत गेला. मी सुरतेत आले त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. मास्तर त्याचं नाव क्वचित काढायचे. काढलं की पुढचा घटकाभर कुणाशी बोलायचे नाहीत.

एका रविवारी सकाळी सुकलालची बायको आणि मुलगी आल्या. लग्नाची पत्रिका होती हातात. मुलीचं नाव काजल. बाप गेला तेव्हा आठ वर्षांची होती, आता साड्यांना लेस लावायच्या कारखान्यात जात होती. आईनं पत्रिका मास्तरांच्या हातात दिली आणि तिथंच उभी राहिली.

"बसा ना," मास्तर म्हणाले.

"मास्तर, तुम्हनाकडे त्यासना फोटू शे का?" ती म्हणाली. "लगीनमा बापना फोटू पाटवर ठेवना पडस. आख्खं घर धुंडं. एक बी नही."

लग्नातले फोटो गावच्या घरात वाळवीनं खाल्ले होते. निवडणूक ओळखपत्रावरचा होता, पण तो म्हणजे काळा डाग आणि त्यावर दोन कान. मोबाइल त्या काळी त्यांच्या घरात साधा, बटणांचा. आणि आता पोरीच्या हळदीला बापाच्या जागी पाटावर ठेवायला काही नव्हतं.

"इतला फोटू काढेत तुम्ही," ती म्हणाली, "एखादा तं व्हईच."

मास्तर पत्रिकेकडे बघत म्हणाले, "बघतो."

आई काकूंशी बोलत मागे राहिली म्हणून मी काजलला खाली सोडायला गेले, तर जिन्यात ती थांबली. वर आईला ऐकू जाणार नाही एवढ्या हळू आवाजात म्हणाली, "दीदी, मम्मी को मत बोलना. मुझे उनका चेहरा याद ही नहीं आता. आवाज़ थोड़ी-थोड़ी है. चेहरा नहीं." आणि हसली, म्हणजे रडू नये म्हणून हसतात ना, तसं. वर जाऊन मी मास्तरांना सांगितलं, फोटो शोधायचाच. तिच्या गुपितातलं मात्र बोलले नाही.

शोधायचा कसा? मास्तरांच्या जुन्या कॉम्प्युटरवर फोटोंचा डोंगर. मिल, घर, बारसं, पपई, सगळं एकात एक. कशालाही नाव नाही. मी रिंग रोडच्या मार्केटमध्ये एका साडीवाल्याकडे फोटो वेबसाइटवर चढवायचं काम करते. आमच्याकडे तेव्हा एक नवी सोय आली होती. कॉम्प्युटरवरच्या एआय सहाय्यकाला आपल्या फोटोंच्या कपाटात डोकावू देता येतं. प्रत्येक फोटोची छोटीशी प्रत त्याच्यापुढे येते, ती बघून तो सांगतो यात काय आहे. आपण म्हटलं, जांभळी पैठणी दाखव, की बरोबर काढून देतो. कुठला फोल्डर त्याला दिसेल आणि कुठला नाही, ते मालकानं खुणा करून ठरवायचं.

मास्तरांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "म्हणजे व्यापाऱ्याचा माणूस माल तपासायला येतो, तसंच की."

"तसंच समजा."

"मग खुणा मी करणार."

करा म्हटलं. दुसऱ्या दिवशी मी संध्याकाळी लवकर आले, तर मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले. मॉनिटर उचलून गॅलरीत आणून ठेवला होता, उत्तरेकडे तोंड करून. "ट्यूबलाइटमध्ये माल दाखवत नसतात," म्हणाले. मी वायरी ओढून ओढून टेकीला आले. सगळं जोडलं, फोल्डरांची यादी समोर आली, तशी त्यांनी मला चहा प्यायला आत पिटाळलं आणि स्वतः एकेक खूण केली.

आधी परीक्षा. मास्तरांनी एका हिरव्या चिंधीच्या फोटोवर बोट ठेवलं. "विचार त्याला, हा कुठला हिरवा."

उत्तर आलं: हिरव्या कापडाचा तुकडा, उजव्या हातात धरलेला. इतक्या छोट्या प्रतीवरून नेमकी शेड सांगणं बरोबर होणार नाही.

मी म्हटलं, झालं, आता ह्याला हाकलणार. पण मास्तर खूश! "खरं बोलतोय. येत नाही तर येत नाही म्हणतो. माझ्या हाताखाली असे चार जण असते तर!"

मग सुकलालचं वर्णन. त्याच्या बायकोनं सांगितलं होतं, बारीक मिशी, कपाळावर डाव्या बाजूला लहानपणीचा व्रण. मी ते लिहिलं, खिडकी लिहिली, हातांच्या फोटोंत दिसणारा मनगटातला काळा दोरा लिहिला, आणि चेहरा शोध म्हणून सांगितलं. काम दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी मी उत्तर वाचलं. काळ्या दोऱ्याचा उजवा हात हजारो फोटोंत आहे. प्रत्येक फोटो कोपराशी संपतो. या हाताच्या माणसाचा चेहरा एकाही फोटोत सापडला नाही.

मी मास्तरांकडे पाहिलं. ते खाली बघत होते. "मीच ओरडायचो," म्हणाले. "मुंडकं बाजूला घे, सुकलाल! बनियन निळं असायचं त्याचं. निळा शेजारी आला की शेड बिघडते."

बारा वर्षं एका माणसाचे रोज फोटो काढायचे आणि त्याचं तोंड एकदाही नाही! मला त्या दिवशी त्यांचा भयंकर राग आला. डिंडोलीला फोन करून सांगायची पाळीही माझ्यावरच आली. सुकलालची बायको माझीच समजूत घालत म्हणाली, "जाऊ द्या ताई. हळदना पाटवर सुपारी ठेवसू."

सुपारी. बापाच्या जागी. फोन ठेवला आणि मी मोबाइलवर उतरवून घेतलेल्या त्या उत्तरावर पुन्हा डोळे रोखून बसले. तेव्हा शेवटची ओळ दिसली. पहिल्या वेळी वाचली होती, पण असली सूचना छापील असते असं समजून सोडून दिली होती. लिहिलं होतं: मला परवानगी दिलेलेच फोल्डर मी पाहिले आहेत, एक फोल्डर बंद आहे.

खाली गेले. मास्तर गॅलरीत डाळिंब सोलत बसले होते.

"एक फोल्डर बंद का ठेवलात?"

"तो रिजेक्टचा आहे."

"म्हणजे?"

"हलला, बिघडला, मध्ये कोणी आलं, ते सगळे फोटो त्यात. रिजेक्ट माल बाहेरच्याला दाखवायचा नसतो, बेन. फेकायचाही नसतो, नाहीतर तीच चूक परत होते. पण दाखवायचा नाही. तीस वर्षांत दाखवला नाही."

माझं डोकंच फिरलं. "मास्तर, मध्ये कोणी आलं म्हणजे कोण येणार हो? सुकलालच ना! ती पोर बापाच्या जागी सुपारी ठेवणार आहे आणि तुम्ही इथं मालाची इज्जत सांभाळताय?" आणखीही बरंच बोलले. घरमालकाशी असं बोलायचं नसतं, पण तेव्हा बोलले. काजल जिन्यात काय म्हणाली, तेही सांगून टाकलं. नको होतं सांगायला. पण तोंडातून गेलं.

मास्तरांनी डाळिंब खाली ठेवलं. हात पुसले. बराच वेळ पुसत राहिले.

"त्याच फोल्डरात शेवटचे तीन आठवडे आहेत," म्हणाले.

"कसले तीन आठवडे?"

"हात पिवळा यायला लागला त्याचा फोटोत. मला अर्धी शेड कळते, बेन. ही तर चांगली दोन शेड होती. मी म्हटलं, कॅमेरा बिघडला. सेटिंग बदललं. तरी पिवळा. मग म्हटलं, खिडकीची काच पिवळी पडली असेल. सुकलालकडूनच घासून घेतली, साबण लावून, दोनदा. दम लागत होता त्याला. मी म्हटलं, पटपट हात चालव. काच स्वच्छ निघाली. मग रोजचे फोटो रिजेक्टमध्ये टाकत गेलो. माझं सगळं लक्ष कापडाकडे. हाताकडे मी बघितलंच नाही. बघितलं असतं तर तेव्हाच दवाखान्यात धाडला असता."

आतमध्ये काकू भांडी लावत होत्या, त्याही थांबल्या. त्यांनाही हे पहिल्यांदाच कळत होतं. माझा राग कुठल्या कुठे गेला. मी शेजारी बसले आणि उरलेलं डाळिंब सोलायला घेतलं.

काही वेळानं ते आपणहून उठले. यादी उघडली. त्या फोल्डरवर खूण केली आणि मला म्हणाले, "विचार त्याला."

या वेळी दोन दिवस लागले नाहीत. छोट्या छोट्या प्रती एकेक करून पडद्यावर यायला लागल्या, आणि सगळीकडे सुकलाल. चिंधी बघायला वाकलेला सुकलाल. घाम पुसणारा. शिंकणारा, डोळे गच्च मिटून. तोंडात भाकरीचा घास धरून एका हातानं चिंधी पुढे करणारा. एकात तर त्यानं मोरपिशी तुकडा डोक्याला बांधला होता, फेट्यासारखा. बारीक मिशी, कपाळावर व्रण. बारा वर्षांत माणसाचे केस काळ्याचे करडे होत गेलेले, आणि प्रत्येक फोटोच्या वेळी समोर कुणीतरी खेकसलेलं.

"ज्या ज्या फोटोत तो आला," मास्तर म्हणाले, "तो तो मी नापास केला, बेन."

मग पिवळे हात आले. मी पुढे सरकवायला गेले, तर त्यांनी माझं मनगट धरलं. सगळे बघितले त्यांनी, शेवटच्यापर्यंत. कॅमेऱ्याला दोष द्यायची सोय आता उरली नव्हती. चष्मा काढून बाजूला ठेवला आणि काकूंना म्हणाले, "अगं, पाणी दे."

फोटो कुठला घ्यायचा ते मास्तरांनी ठरवलं. सुकलाल खिडकीत तोंड आणून थेट समोर बघतोय, राणी रंगाचा तुकडा हनुवटीशी, आणि हसून हसून डोळ्यांच्या नुसत्या रेघा झाल्यात. थोडा हललेला. काठ धूसर.

स्टुडिओवाल्यानं तो मोठा केला आणि रीतीप्रमाणे गोरा करून दिला. सुरतेत मेलेला प्रत्येक माणूस फ्रेममध्ये गोराच असतो. मास्तरांनी फोटो दुकानाबाहेर उजेडात नेला आणि परत आणला. "हा सुकलाल नाही." दुसऱ्यांदा लालसर आला. तिसऱ्यांदा काळपट. स्टुडिओवाला वैतागला, "काका, माणूस तर जसा आहे तसाच आहे, रंगाचं काय घेऊन बसलात?" मास्तरांनी पिशवीतून पास झालेल्या फोटोंमधले चार हात काढून काउंटरवर मांडले. "हा त्याचा रंग. वेगवेगळ्या चार वर्षांचा, एकाच उजेडातला. तोंड ह्या हाताला जुळव." चौथी प्रत त्यांनी दारात उभं राहून इतका वेळ पाहिली की मागचं गिऱ्हाईक कुरकुरायला लागलं. मग पिशवीत घातली.

हळद डिंडोलीच्या एका भाड्याच्या हॉलमध्ये होती. आम्ही तिघं गेलो. मास्तरांनी फोटो कागदातून काढून सुकलालच्या बायकोच्या हातात दिला. तिनं बघितला. एक हात तोंडावर गेला. "त्या हासी राहिनात!" ती म्हणाली. "बारा वरीस झाये... त्या हासी राहिनात व माय!" आणि मग तिला आवरेना. बायकांनी धरून बाजूला बसवलं.

फोटो पाटावर ठेवला. पहिली हळद बापाला लावायची म्हणून काजल पुढे झाली. इतका वेळ तिनं फोटोकडे नीट पाहिलंच नव्हतं. मला वाटतं, भीत होती. तिनं दोन्ही हात हळदीत बुडवले आणि काचेवर, बापाच्या दोन्ही गालांना, पिवळी हळद फासली.

मास्तर माझ्या शेजारी उभे होते. त्यांचा हात झटकन पुढे गेला, खिशातला रुमाल घेऊन. मी त्यांचं कोपर धरलं. सोडलं नाही मी. काही क्षणांनी त्यांनी रुमाल परत खिशात ठेवला.

काजल मात्र फोटोसमोर तशीच बसून राहिली होती, हळदीचे हात गुडघ्यावर. बराच वेळ बघत होती. मग मान वळवून मास्तरांना विचारलं, "काका, पप्पा किसको देख के हँस रहे हैं?"

"माझ्याकडे," मास्तर म्हणाले. "मी ओरडत होतो त्याच्यावर."